चिरेची वाट अडवणारे पदार्थ

सुरतेच्या उत्तरेला, तापीच्या उत्तर काठावर कोसाड आहे. अमरोलीचा पूल ओलांडला की कतारगाम लागते आणि हिऱ्याच्या कारखान्यांची दाट वस्ती सुरू होते. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी नऊ या शहरातल्या घंट्यांवरून, म्हणजे हिरे घासण्याच्या चक्रांवरून, जातात, असे व्यापारात मानले जाते. घंटीसमोर बसणाऱ्या रत्नकलाकाराला पदार्थविज्ञानातली एक मोठी गोष्ट पुस्तक न उघडता ठाऊक असते. हिरा कठीण असतो, चिवट नसतो. दुसऱ्या हिऱ्याशिवाय त्याच्यावर सहसा ओरखडा उठत नाही, पण नेमक्या दिशेने ठोका बसला तर त्याची सरळ फाक पडते. हिऱ्याच्या स्फटिकात अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर अशी प्रतले असतात आणि त्यांच्या आरपार तोडावे लागणारे बंध सर्वांत कमी असतात. चिरेला ती वाट सापडली की ती थांबत नाही. जुन्या कारागिरांनी याच उणिवेचा उपयोग करून हिरे फोडले. आता ते काम लेसर करतो, पण कच्च्या हिऱ्यातली बारीक चीर आत कुठवर गेली आहे हे पाहिल्याशिवाय आजही कापण्याचा आराखडा ठरत नाही आणि भावही ठरत नाही.

हा आढावा या चिवटपणाविषयी आहे. शिंपला, हाड, दात, बांबू, कीटकांचे कवच हे पदार्थ ठिसूळ किंवा मऊ घटकांपासून बनतात आणि तरीही सहजासहजी तडकत नाहीत. त्यांची रचना समजून घेऊन चिरेला दाद न देणारे पदार्थ बनवण्याचा प्रयत्न गेली सुमारे पन्नास वर्षे चालू आहे. त्यातून काय हाती लागले, काय अजून प्रयोगशाळेतच आहे, आणि त्याचा उपयोग सुरतेसारख्या बांधकामात बुडालेल्या शहराला कुठे आहे, हे पाहायचे आहे.

आधी चीर म्हणजे काय ते पाहू. सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापड बाजारात दुकानदार तागा कापताना कात्रीने काठाला एक लहानसा छेद देतो आणि पुढचे कापड दोन हातांनी फाडून टाकतो. छेद नसेल तर तेच कापड दोन माणसांनी ओढूनही फाटत नाही. सगळा ताण छेदाच्या टोकाशी एकवटतो आणि एकेक धागा तुटत जातो. घन पदार्थात हेच घडते. सी. ई. इंग्लिस या अभियंत्याने १९१३ साली गणिताने दाखवले, की पत्र्यातले भोक जितके लांबट आणि टोकदार, तितका त्याच्या टोकाशी ताण वाढतो. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच्या पुढचे पाऊल टाकले. काचेतले अणुबंध पाहता तिची ताकद जितकी असायला हवी, त्याचा फार लहान अंश प्रत्यक्षात का मिळतो, हा त्याचा प्रश्न होता. कारण असे, की काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात. चीर वाढली की साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि नवा पृष्ठभाग तयार करण्यात ऊर्जा खर्च होते. मोकळी होणारी ऊर्जा चिरेच्या लांबीच्या वर्गाने वाढते, खर्च मात्र लांबीच्याच प्रमाणात वाढतो. म्हणून एका मर्यादेनंतर चीर आपोआप धावत सुटते.

त्या धावण्याचे भयंकर उदाहरण दुसऱ्या महायुद्धात दिसले. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. जुन्या जहाजांत पत्रे रिव्हेटने जोडलेले असत. चीर पत्र्याच्या कडेशी आली की बहुधा तिथेच थांबे. नव्या जहाजांचे पत्रे वितळजोडाने एकसंध झाले होते, त्यामुळे चिरेला अडवणारी कडच उरली नव्हती. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज आयर्विनने पुढे, १९५७ साली, चिरेच्या टोकाशी एकवटणारा ताण मोजण्याचे गणित मांडले. आज चिवटपणा त्याच मापाने, मेगापास्कल वर्गमूळ-मीटरमध्ये, सांगतात. काचेचा आकडा एकाच्याही खाली असतो, हिऱ्याचा पाचाच्या आसपास, चांगल्या पोलादाचा पन्नासाच्या वर. काँक्रीट काचेच्याच पंगतीत बसते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण शेवटी तिच्याकडेच यायचे आहे.

जहाजाच्या या धड्यात निसर्गाची सगळी युक्ती बीजरूपाने आहे. चीर मुळी पडूच नये असा निसर्गाचा आग्रह नसतो. चिरेला पुढे जाणे महाग पडावे, अशी त्याची मांडणी असते. मला या साऱ्या संशोधनाचे सार एवढेच वाटते, आणि माणसाच्या अभियांत्रिकीने ते फार उशिरा गंभीरपणे घेतले.

सर्वांत जास्त अभ्यास झाला तो मोत्याच्या शिंपेच्या आतल्या चकाकत्या थराचा. त्यात ९५ टक्के अरॅगोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार, आणि सुमारे ५ टक्के प्रथिने व कायटिन असते. अरॅगोनाइटच्या पातळ चकत्या, जाडीला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आणि रुंदीला पाच ते दहा मायक्रॉन, एकमेकींवर रचलेल्या असतात. वरच्या थरातले सांधे खालच्या थरातल्या सांध्यांवर येत नाहीत. चीर आत शिरली की चकतीला भेदण्यापेक्षा तिला चकतीभोवती वळणे सोपे जाते. त्यामुळे ती वळते, पुन्हा वळते, आणि मधल्या मऊ थरात चकत्या जराशा घसरतात. ही घसरण फार होऊ नये म्हणून चकत्यांचे पृष्ठभाग खडबडीत व किंचित लहरदार असतात आणि त्यांच्यामध्ये खनिजाचे बारीक पूल असतात. परिणामी एका टोकाशी एकवटणारा ताण मोठ्या भागात पसरतो. इंग्लंडमध्ये जॉन करी यांनी १९७७ साली या थराची मापे प्रसिद्ध केली. १९८८ साली जॅक्सन, व्हिन्सेंट आणि टर्नर यांनी त्याच्या रचनेचे यांत्रिक विवेचन केले. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठातल्या कल्पना कट्टी, दिनेश कट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे मांडले, की काही चकत्या किंचित फिरलेल्या असतात व शेजारच्या चकत्यांत अडकतात, आणि शिंपल्याच्या ताकदीचे मुख्य कारण हे अडकणेच आहे. या मतावर अजून चर्चा आहे. मऊ थराला किती श्रेय द्यायचे आणि खनिजाच्या अडकण्याला किती, हा वाद पूर्ण मिटलेला नाही.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. शिंपला अरॅगोनाइटपेक्षा तीन हजार पट चिवट असतो, असा आकडा लेखांमधून फिरतो. तो आकडा तुकडा पूर्ण तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा आहे. आयर्विनच्या मापाने पाहिले तर फरक काही पटींचा, फार तर दहाएक पटींचा भरतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकमेकांच्या जागी वापरले की वाचकाच्या मनात चमत्काराची अपेक्षा तयार होते. त्या अपेक्षेने या विषयाचे पुष्कळ नुकसान केले आहे.

मोत्याच्या शिंपेहून आपल्या किनाऱ्याच्या अधिक जवळचा शिंपला दुसराच आहे. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी लाकडी जाळीत बसवलेली शिंपल्यांची दुधी तावदाने दिसतात. तो शिंपला प्लाकुना प्लासेंटा या जातीचा. झुआरी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत तो आढळतो, आणि कच्छच्या आखातातही त्याची वस्ती आहे. वजनाच्या ९९ टक्के तो कॅल्साइट असतो, म्हणजे मोत्याच्या शिंपेपेक्षाही त्यात मऊ द्रव्य कमी. तरीही तो पावसाळी वाऱ्यात, उन्हात, खाऱ्या हवेत पिढ्यान् पिढ्या टिकला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ साली याच शिंपल्यावर सूक्ष्म टोकाने दाब देऊन पाहिले. दाबाखाली कॅल्साइटच्या पातळ पापुद्र्यांत स्फटिकाची मांडणी एका आरशासारख्या प्रतलाभोवती उलटी वळते. याला जुळे स्फटिक होणे म्हणतात. या वळण्यात ऊर्जा खर्च होते आणि नुकसान दाबाच्या जागेपुरतेच राहते. खाणीतल्या एकसंध कॅल्साइट स्फटिकाच्या तुलनेत हा शिंपला तेवढ्याच जागेत सुमारे दसपट ऊर्जा जिरवतो. शिवाय दिसणाऱ्या प्रकाशापैकी बराचसा भाग तो आरपार जाऊ देतो. पारदर्शक आणि चिवट चिलखत कसे असावे, याचा नमुना गोव्याच्या खिडकीत शतकानुशतके बसलेला होता. २००१ साली हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आला. म्हणून तो गोळा करून तावदाने बनवण्याचा मार्ग आता योग्य नाही. त्याची रचना शिकण्याचा मार्ग मात्र खुला आहे.

शंखाची कथा वेगळी. कामत, सू, बॅलारिनी आणि ह्यूअर यांनी अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात कॅरिबियन समुद्रातल्या एका मोठ्या शंखावर काम केले आणि ते २००० साली ‘नेचर’मध्ये छापून आले. शंखात अरॅगोनाइटच्या पट्ट्या एकाआड एक वेगवेगळ्या दिशांना आडव्या घातलेल्या असतात, तीन पातळ्यांवर. बाहेरच्या थरात एका मोठ्या चिरेऐवजी अनेक बारीक चिरा पडतात. मधल्या थरापर्यंत पोचलेली चीर तिथल्या आडव्या पट्ट्यांमुळे दोन्ही काठांनी धरून ठेवली जाते. गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वर आणि बगसरा येथे हडप्पा संस्कृतीचे लोक शंखाच्या बांगड्या कापत होते. ठिसूळ वस्तू हवी तशी आणि हवी तेवढीच तडकवण्याचे ज्ञान या प्रदेशात फार जुने आहे. खंबातचे अकीक कारागीर अजूनही जमिनीत रोवलेल्या लोखंडी खिळ्याच्या टोकावर दगड टेकवतात आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोका देतात. शिंग हा स्वतः केराटिनचा चिवट पदार्थ. ठोक्याचा जोर तो थोडा स्वतः घेतो, त्यामुळे दगडाचा नेमका टवका उडतो आणि बाकीचा दगड अखंड राहतो. चिवट पदार्थाने ठिसूळ पदार्थाला शिस्त लावण्याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

हाडाकडे आल्यावर प्रश्न अधिक खोल होतो. काचेत चीर जितकी लांब, तितके तिला पुढे जाणे सोपे. हाडात उलटे घडते. चीर वाढत गेली तसा तिला होणारा विरोध वाढतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये रॉबर्ट रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली माणसाच्या हाडात खऱ्या अर्थाने लहान, ०.६ मिलिमीटरच्या आतल्या चिरांवर मापे घेतली. हाडाच्या लांबीला आडवी जाणारी चीर काही शे मायक्रॉन पुढे सरकेपर्यंत विरोध कित्येक पटींनी चढतो, असे दिसले. रक्तवाहिनीभोवतीच्या नळीसारख्या घटकांच्या सीमेवर चीर काटकोनात वळते. तिच्या मागे राहिलेले काही अखंड दुवे दोन्ही काठांना बांधून ठेवतात. रिची यांनी यातून एक उपयोगी भेद केला. चिरेच्या पुढे घडणाऱ्या गोष्टी पदार्थाच्या अंगच्या असतात. चिरेच्या मागे घडणाऱ्या गोष्टी रचनेतून येतात आणि चीर असेल तेव्हाच कामाला लागतात. धातू पहिल्या प्रकारावर भर देतात, निसर्ग दोन्हींचा वापर करतो. माणूस वयस्क झाला की हाडाची ही दुसरी ताकद घटते. म्हणून वृद्धापकाळी हाड मोडण्याचे कारण केवळ कॅल्शियमची घनता नसते, आणि डॉक्टरी सल्ल्यात हा मुद्दा अधिक यायला हवा.

बाकीच्या नमुन्यांचा उल्लेख धावता करतो. मॅन्टिस श्रिंप हा कोळंबीचा दूरचा नातलग आपल्या गदेसारख्या पायाने सेकंदाला २३ मीटरपर्यंतच्या वेगाने शिंपले फोडतो आणि त्याची गदा फुटत नाही. डेव्हिड किसेलस यांच्या गटाने २०१२ साली दाखवले, की गदेच्या आत कायटिनच्या तंतूंचे थर प्रत्येक पातळीवर थोडे थोडे फिरवलेले असतात. चीर त्या जिन्यासारख्या वळणात शिरून फिरत राहते. त्याच गटाने २०२० साली ‘लोखंडी कवचाचा’ म्हणवल्या जाणाऱ्या एका भुंग्यात पाठीच्या दोन फळ्या कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकांत कशा गुंतल्या आहेत ते मांडले. १४९ न्यूटनचा भार, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३९,००० पट, तो सोसतो. सह्याद्रीतला बांबू याहून साधे उत्तर देतो. त्याच्या भिंतीत तंतूंचे जुडगे बाहेरच्या बाजूला दाट आणि आत विरळ असतात, कारण वाऱ्यात वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या सालीवर येतो.

आता माणसाने या धड्यांचे काय केले? पहिले स्पष्ट यश साधे होते. १९९० साली ब्रिटनमध्ये डब्ल्यू. जे. क्लेग आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या पातळ पापुद्र्यांवर ग्रॅफाइटचा लेप देऊन ते एकावर एक रचले आणि भाजले. चीर ग्रॅफाइटच्या दुबळ्या थरात वळू लागली. तुकडा तोडायला लागणारी ऊर्जा शंभर पटींहून अधिक वाढली. मुद्दाम ठेवलेली दुबळी जागा संपूर्ण वस्तूला बळकट करते, हे तेव्हा पहिल्यांदा इतक्या स्वस्तात सिद्ध झाले. पुढे बर्कलीत सिल्व्हेन देविल यांनी २००६ साली समुद्राच्या बर्फाकडून युक्ती घेतली. खारे पाणी गोठताना बर्फ मीठ बाहेर ढकलतो आणि ते बर्फाच्या पात्यांमध्ये अडकते. सिरॅमिकच्या भुकटीचे पाणी ठरावीक दिशेने गोठवले की भुकटी पातळ थरांत बसते. बर्फ उडून गेल्यावर थरांची चौकट उरते. तिच्यात ॲक्रिलिक भरून २००८ साली केलेल्या पदार्थाचा चिवटपणा ३० मेगापास्कल वर्गमूळ-मीटरच्या पुढे गेला, म्हणजे धातूंच्या जवळ. पण ॲक्रिलिक उष्णतेला टिकत नाही. म्हणून २०१४ साली फ्रान्समध्ये फ्लोरियन बूव्हिल आणि सहकाऱ्यांनी प्लॅस्टिक टाळून निव्वळ ॲल्युमिना आणि काच यांसारख्या ठिसूळ घटकांतून शिंपल्याची रचना उभी केली. चिवटपणा २२, ताकद ४७० मेगापास्कल, आणि ६०० अंश सेल्सियसलाही तो पदार्थ तग धरतो. एकही घटक चिवट नसताना वस्तू चिवट होऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

काचेत मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या फ्रांस्वा बार्थेला यांनी लेसरने काचेच्या आत बारीक छिद्रांच्या लहरी रेषा कोरल्या. तडा त्या रेषांवर जातो आणि तिथेच अडकतो. २०१९ साली त्यांच्या गटाने चौकोनी तुकड्यांच्या थरांची पारदर्शक काच केली. ती कडक केलेल्या आणि थरांच्या नेहमीच्या काचेपेक्षा आघाताला दोन-तीन पट टिकली. पोलादात जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या मोतोमिची कोयामा यांनी २०१७ साली हाडाच्या पापुद्र्यांसारखी सूक्ष्म रचना आणून थकव्याने वाढणारी चीर रोखली. हजीऱ्यात पोलाद ओतणाऱ्या या जिल्ह्याला ही दिशा जवळची वाटायला हवी. आणि हिरा? चीनमधल्या तियान योंगजुन यांच्या गटाने २०२० साली हिऱ्याचे वेगवेगळे सूक्ष्म स्तर, जुळे स्फटिक आणि एकमेकांत अडकलेले कण यांतून एक संयुक्त हिरा बनवला. त्याचा चिवटपणा २६.६, नेहमीच्या कृत्रिम हिऱ्याच्या पाचपट. तो दागिन्यात घालायचा नाही. त्याची जागा कापणाऱ्या आणि भोके पाडणाऱ्या हत्यारांच्या टोकाशी आहे. सुरतेत प्रयोगशाळेतला हिरा आता मोठ्या प्रमाणावर तयार होतो, पण तो जवळजवळ सगळा दागिन्यांसाठी. ही मोठी चूक आहे असे मी म्हणेन. दगड कापण्याच्या आणि धातूच्या कारखान्यांतल्या हत्यारांसाठी चिवट हिरा हवाच आहे, आणि हिरा बनवण्याचे व तो तपासण्याचे हात याच शहरात आहेत.

या यशाच्या यादीला एक मोठी मर्यादा आहे. बहुतेक नमुने काही मिलिमीटरचे किंवा काही सेंटिमीटरचे आहेत. शिंपला वाढायला वर्षे घेतो आणि समुद्राच्या तापमानात, पाण्यात वाढतो. माणसाला तो तासाभरात, भट्टीत आणि परवडणाऱ्या भावात हवा असतो. ओला शिंपला आणि कोरडा शिंपला यांचा चिवटपणा सारखा नसतो, कारण मऊ थराला पाणी लागते. प्रयोगशाळेत एकदाच भार देऊन तोडलेला तुकडा दहा पावसाळे सोसेल की नाही, हे अनेक लेखांत विचारलेलेच नाही. या विषयात गुंतवलेला पैसा विमाने आणि चिलखते यांच्याकडे वळला, कारण तिथे किमतीची फिकीर कमी. सर्वसामान्य माणसाच्या डोक्यावरचा स्लॅब मात्र तसाच ठिसूळ राहिला.

म्हणून शेवटी सिमेंटकडे येतो. कोसाडमध्ये महापालिकेची आवास योजना आहे. झोपडपट्ट्यांतून आलेली हजारो कुटुंबे तिथल्या इमारतींत राहतात. लिंबायत, उधना, पांडेसऱ्याच्या खान्देशी वस्त्यांतही काँक्रीटची चौकट हेच घराचे सर्वस्व. दक्षिण गुजरातच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटच्या चिरेतून पाणी आणि क्लोराइड आत जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि आतून स्लॅब फोडतो. घराचे आयुष्य सळईपेक्षाही त्या पहिल्या चिरेवर ठरते.

इथे निसर्गाचा धडा दोन वाटांनी येतो आहे. एक वाट महागडी. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात २०१८ साली मॅन्टिस श्रिंपच्या गदेसारखे फिरते थर देऊन सिमेंट छापण्यात आले. त्याच कामातले रेझा मोइनी पुढे प्रिन्स्टनला गेले. त्यांच्या गटाने २०२४ साली हाडातल्या नळ्यांसारखी पोकळ भोके ठेवून सिमेंटचा तुकडा ओतला. त्याचा चिवटपणा साध्या तुकड्याच्या ५.६ पट निघाला, आणि त्यात एकही तंतू वा प्लॅस्टिक घातलेले नव्हते. केवळ भोकांचा आकार, जागा आणि मांडणी. चीर भोकाशी येते, तिथे अडखळते आणि पुन्हा सुरू व्हायला तिला नवा ताण लागतो. मला या प्रयोगाचे फार मोल वाटते, कारण त्यात महाग घटक नाही. ज्याला साचा बनवता येतो त्याला हे करता येईल.

दुसरी वाट जुनी आणि स्वस्त आहे, आणि ती महाराष्ट्रातून जाते. वेरूळच्या लेण्यांतल्या भिंतींवरचा मातीचा गिलावा दीड हजार वर्षे टिकला. पुरातत्त्व खात्यातले निवृत्त रसायनशास्त्रज्ञ राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले, की त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू कालवलेले आहेत. तंतूंनी माती बांधून ठेवली, दमटपणा सांभाळला आणि कीड दूर ठेवली. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांना किडीने जास्त त्रास दिला, हे निरीक्षणही त्यांचेच. चिवटपणाच्या भाषेत बोलायचे तर तंतू चिरेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो, शंखातल्या आडव्या पट्टीसारखा. मातीच्या भिंतीत भुसा आणि काड कालवणाऱ्या आपल्या गावांतल्या गवंड्याला हे ठाऊक होते. पोलादाचे किंवा प्लॅस्टिकचे आखूड तंतू घातलेले काँक्रीट आज बोगद्यांत आणि कारखान्यांच्या फरशीत वापरले जाते. घरांच्या स्लॅबमध्ये ते अपवादानेच दिसते.

चीर भरून काढण्याचाही एक प्रवाह आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे सुप्त बीजाणू आणि त्यांचे अन्न मिसळले. चिरेतून पाणी आले की ते जागे होतात आणि चुनखडी तयार करतात. बारीक, मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची चीर यातून बुजते. २०२३ साली ॲडमिर मॅसिक यांच्या गटाने दाखवले, की प्राचीन रोमन काँक्रीटमधले चुन्याचे पांढरे गोळेही हेच काम करत होते. हे आकर्षक आहे, पण भारतातल्या घरबांधणीच्या भावात जिवाणू लवकर बसतील असे मला वाटत नाही. तंतू आणि साच्यातली भोके बसू शकतात.

अडचण पैशापेक्षा मोजमापाची आहे. आपल्याकडे काँक्रीटची प्रत ठरते ती १५० मिलिमीटरचा घन २८ दिवसांनी दाबून. आय. एस. ४५६ या संहितेतला एम २०, एम २५ हा आकडा म्हणजे दाब सोसण्याची ताकद. ठेकेदार त्याच आकड्यासाठी पैसे घेतो आणि अभियंता त्याच आकड्यावर सही करतो. चिरेला विरोध किती, हे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी ते पुरवतही नाही. हिऱ्याच्या बाजारात मात्र चीर आधी पाहतात आणि वजन नंतर.

सुरतेत १९६१ साली सुरू झालेली सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, महापालिकेची स्वतःची घरे बांधणारी यंत्रणा आहे आणि मोठमोठे बांधकाम व्यावसायिक आहेत. या तिघांनी मिळून पुढच्या एका आवास योजनेत एकच बदल करावा : प्रत्येक ओताच्या घनाबरोबर खाच पाडलेली एक तुळई तोडावी आणि ती तुटायला किती ऊर्जा लागली हे नोंदवावे. ही चाचणी सोपी आहे, यंत्रे महाविद्यालयांत आहेत. तंतू घातलेला आणि न घातलेला, भोके ठेवलेला आणि न ठेवलेला स्लॅब पाच पावसाळ्यांनंतर कसा दिसतो, हे त्या नोंदींशी ताडून पाहता येईल. स्थापत्य शिकणाऱ्या मराठी आणि गुजराती विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प हाती घ्यावा, आणि घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने बांधणाऱ्याला घनाच्या आकड्याबरोबर तुळईचा आकडाही मागावा.